मदत हवी आहे: बॅक्युलाचा कॅटलॉग गेला, टेप शाबूत आहेत

बॅक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरचा डायरेक्टर (बॅकअप चालवणारा मुख्य प्रोग्रॅम) ज्या सर्व्हरवर होता त्याची डिस्क गेली आणि पोस्टग्रेस्क्यूएल डेटाबेसमधला कॅटलॉगही (कोणती फाइल कोणत्या टेपवर आहे याच्या नोंदी) तिच्यासोबत. एलटीओ-6 प्रकारच्या 9 बॅकअप टेप शाबूत आहेत. चुकून वर लिहिलं जाऊ नये म्हणून सगळ्यांच्या राइट-प्रोटेक्ट खिट्या सरकवून ठेवल्या आहेत.

कॅटलॉगचा डंप (पूर्ण प्रत) रोज रात्री शेवटी, प्रायॉरिटी 11 वर (म्हणजे बाकीचे बॅकअप जॉब संपल्यावर), टेपवर जायचा. पण त्याची बूटस्ट्रॅप फाइल (डंप टेपवर नेमका कुठे आहे हे सांगणारी) त्याच गेलेल्या डिस्कवर होती. (ती दुसऱ्या मशीनवर किंवा मेलने बाहेर जायलाच हवी, नाहीतर तिचा उपयोग शून्य.)

शेवटच्या टेपवर 'बीएलएस' (टेपवर काय आहे ते दाखवणारं टूल) चालवल्यावर कॅटलॉगचा जॉब एरर 0, स्टेटस 'टी' (नीट पूर्ण झालेला) असा दिसतो. त्यातला सेशन आयडी आणि सेशन टाइम घेऊन बूटस्ट्रॅप हाताने लिहायची, 'बीएक्स्ट्रॅक्ट'ने (कॅटलॉगशिवाय टेपवरून फाइल काढणारं टूल) डंप काढायचा आणि एसक्यूएल-आस्की एन्कोडिंगच्या रिकाम्या डेटाबेसमध्ये भरायचा, असा विचार आहे. सगळ्या टेपवर 'बीस्कॅन' (टेप वाचून कॅटलॉगच्या नोंदी पुन्हा तयार करणारं टूल) चालवण्यापेक्षा हे खूप लवकर होईल.

अडलंय ते इथे: डंपनंतरचे 3 जॉब कॅटलॉगमध्ये नसणार. त्यांच्यासाठी फक्त शेवटच्या टेपवर 'बीस्कॅन' केलं, तर आधीच्या जॉबच्या नोंदी दुप्पट होतात का? एखादा जॉब एका टेपवरून पुढच्या टेपवर गेला असेल, तर दोन्ही टेप क्रमाने द्याव्या लागतील ना? आणि ऑटोप्रून (जुन्या नोंदी आपोआप पुसणं) आधीच बंद करावं का? रिटेन्शन (जपून ठेवायची मुदत) उलटलेल्या नोंदी पुन्हा पुसल्या जायला नकोत.

कोणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा.