खंजिरी भजनाचं रेकॉर्डिंग: थाप पडली का गाणाऱ्याचा आवाज गायब, काय करू?

दर्यापूरचा_पेटीवाला
जय गुरुदेव मंडळी. आमचं गावातलं भजन मंडळ हाये, नऊ जणं. खंजिरीवाला मेन गाते, पेटीवर मी, एक तबला, दोन टाळवाले अन् बाकीचे मागं म्हणणारे. जास्त करून तुकडोजी महाराजांचीच भजनं. पुण्यतिथीच्या टायमाले दोन-तीन गावात कार्यक्रम असतात, ते यूट्यूबवर टाकायचे असं पोट्टे म्हणून राहिले. मागच्या खेपेस पुतण्यानं स्टेजसमोर मोबाईल लावला, व्हिडिओ झकास आला पण आवाज ऐकून मलेच लाज वाटली. खंजिरीवर थाप पडली का बुवाचा आवाज एकदम खाली बसते, मंग हळूहळू वर येते, परत थाप का परत खाली, जसं कोणी तोंडावर उशी दाबून राहिलं. पेटी त ऐकूच येत नाही. अन् तिकडं भोंग्यातून तेच भजन चांगलं ऐकू येत होतं बरं का.

बिछायतवाल्याले (मंडप-साऊंड भाड्यानं देणारा) म्हटलं मशीनमधून डायरेक्ट रेकॉर्डिंग दे, त म्हणे तशी सोय नसते. बजेट दहा-बारा हजार, तेही सोयाबीन विकल्यावर. मोबाईल नवा घेऊ का माईक वाढवू?

बर्डीवरचा_कानसेन
मोबाईल नवा घेऊन हेच होईल भाऊ. फोनचा माईक बोलण्यासाठी बसवलेला असतो, मोठा आवाज आला की फोन आपोआप लेव्हल खाली ओढतो आणि शांत झालं की परत वर नेतो. याला ऑटो गेन म्हणतात, तुमची उशी तीच. सध्या फुकटात करायचं तर ओपन कॅमेरा नावाचं ॲप टाका, त्यात ऑडिओ सोर्सला अनप्रोसेस्ड करून बघा, काही फोनात बराच फरक पडतो, काहीत काहीच नाही.

पैसे टाकायचेच तर छोटा हँडी रेकॉर्डर घ्या, झूम एच१एन किंवा टास्कॅम डीआर-०५एक्स सारखा, भाव नागपुरात बर्डीवर दोन दुकानात विचारा. पहिलं काम, ऑटो लेव्हल बंद. मग बुवांना सगळ्यात जोरातलं भजन म्हणायला लावा, खंजिरी अगदी कार्यक्रमात वाजते तशी वाजवा (टेस्टिंगला सगळे हळू वाजवतात आणि स्टेजवर अंगात येतं, हा माझा दरवेळचा अनुभव) आणि काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन (आवाज किती वाढवून घ्यायचा ते बटण) ठेवा. कमी आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला काही केल्या जुळत नाही. फॉरमॅट वेव्ह, २४ बिट ४८ किलोहर्ट्झ, तासाला साधारण १ जीबी. एमपी३ नको. आणि रेकॉर्डर भोंग्यासमोर कधीच नको, भोंग्याला खालचे सूर काढताच येत नाहीत, तबल्याचा डग्गा त्यात डब्यासारखा वाजतो.

वडस्याचा_ऑपरेटर
बिछायतवाला खोटं बोलला असं नाही म्हणत जी, त्याले माहीतच नसन. मी झाडीपट्टीच्या नाटकांले साऊंड करतो, दिवाळीपासून सीझन सुरू झाला का झोप नाही. मिक्सरवर (सगळे माईक जोडतात ते मशीन) रेक आउट नाहीतर टेप आउट लिहिलेली लाल-पांढरी दोन भोकं पाहा, तिथून वायर थेट रेकॉर्डरच्या लाइन इनमध्ये. माईकच्या भोकात दिली त सगळं फाटून येईन. अन् एक गोष्ट ध्यानात ठेवा, भोंग्याच्या वायरीतून काढाचा प्रयत्न चुकूनही करू नका, त्या लाइनवर ७०-१०० व्होल्टपर्यंत असते, रेकॉर्डर जागेवर जाईन.

पण नुसतं मिक्सरचं रेकॉर्डिंग ऐकसान त परत रडसान. मिक्सरमध्ये ज्याच्यासमोर माईक हाये तेच येते. तुमच्याकडं बुवाले एक, पेटीले एक, बास. टाळ अन् मागचे म्हणणारे लोकायले तसेच ऐकू येतात म्हणून त्यायले माईक नसते, मंग रेकॉर्डिंगमध्ये बुवा एकटाच विहिरीत गाऊन राहिला असं वाटते. म्हणून दोन करा, एक मिक्सरमधून, एक समोर रेकॉर्डर, अन् घरी दोन्ही जोडा. सुरू व्हायच्या आधी बुवाच्या माईकसमोर एक जोरात टाळी वाजवा, कॉम्प्युटरवर दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये तिचं टोक दिसते, ते जुळवलं का झालं. रेकॉर्डर जवळच ठेवा, २० मीटरवर आवाज ६० मिलिसेकंद उशिरा पोचते, टाळांचा घोळ होते. तासाभरात दोन मशीनी थोड्या मागंपुढं सरकतात, म्हणून भजनागणिक टाळी.

जुना_टाळकरी
मशीन नंतर पाहा पोरांनो, आधी बसणं पाहा. रेकॉर्डरचा स्टँड बुवापासून पाच-सहा फुटांवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर. टाळवाले सगळ्यात मागं, टाळ कानात घुसतेच, त्याले जवळ बसवायची गरज नाही. खंजिरीचं तोंड माईककडं सरळ नको, जरा तिरपं. पेटीचं वरचं झाकण काढून वाजवा, आवाज मोकळा निघते. अन् स्टँड तख्तपोसावर नका ठेवू, कोणी पाय आपटला का धब्ब येते. खाली जमिनीवर, वाकळीची घडी करून त्यावर.

माह्या मतानं त भोंगा बंद करून सकाळी मंदिरातच रेकॉर्ड करा, सगळ्यात साफ येईन.

बर्डीवरचा_कानसेन
काका, बाकी सगळं मान्य, पण मग ते लाइव्ह कुठं राहिलं? समोरच्या बायांनी ताल धरला की तुमचे बुवा जसे गातात तसे मंदिरात गाणार नाहीत.

दर्यापूरचा_पेटीवाला
मंडळी आभार. एका मास्तरचं रेकॉर्डर दोन दिवसांसाठी मागून आणलं, गुरुवारी सभागृहात तालीम केली. काकाच्या म्हणण्यापरमानं बसलो. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये नुसता पंख्याचा आवाज, पंखे बंद केले, घामानं जीव गेला पण उशी गेली! खंजिरीची थाप अन् बुवाचा आवाज दोन्ही येगयेगळे येऊन राहिले. मिक्सरची वायर लावली त बारीक घूंऽऽ येते, जनरेटरचं असन का?

वडस्याचा_ऑपरेटर
रेकॉर्डर चार्जरवर लावला असन. काढा, नवे सेल टाकून चालवा. तरी आला त वायर लाइटाच्या वायरीपासून दूर न्या.

दर्यापूरचा_पेटीवाला
चार्जरच होता जी! गेला घूं. पण आता सगळं इतकं साफ ऐकू येऊन राहिलं का माह्या पेटीचा वरचा गंधार उतरला हे साऱ्या मंडळाले समजलं. पंधरा वर्षं कोणाले पत्ता नव्हता. अमरावतीकडं पेटी सुरात लावून देणारा कोणी माहीत असन त सांगा, रेकॉर्डरचे पैसे आधी तिकडंच चालले.