टोल्यूइनचा कॅन भरताना अर्थिंगची क्लिप नेमकी कुठे लावायची?

ग्रॅव्हर_खाते:
छपाईच्या शाईत घालायला 200 लिटरच्या ड्रममधून टोल्यूइन (शाई पातळ करणारं, पटकन पेटणारं द्रव) हातपंपाने 20 लिटरच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये काढतो. वर पत्र्याचं नरसाळं असतं. ड्रमला अर्थिंगची तार आहे. तरी ऑडिटवाले म्हणतात, कॅन बदला. ड्रम अर्थ केलेला असताना प्लॅस्टिकने काय बिघडतं? आणि पावसाळ्यात स्टॅटिक (घासण्याने साचणारी वीज) होत नाही, हे खरं का?

ठिणगी_मोजणारा:
ऑडिटवाले बरोबर आहेत. ड्रमची तार ड्रमपुरती. टोल्यूइन विजेचा फार वाईट वाहक, त्यामुळे पंप-नळीतून घासत येताना घेतलेला विजेचा भार ते कॅनमध्ये घेऊन येतं. कॅन प्लॅस्टिकचा, म्हणजे त्या भाराला जमिनीत जायला वाट नाही. सगळ्यात धोक्याचं तुमचं नरसाळं: धातूचं, पण प्लॅस्टिकवर टेकलेलं. त्यावर भार साठतो आणि नळीचं तोंड किंवा कोणाचा हात जवळ आला की एकदम उडी मारतो. हिशेब करा: 20 पिकोफॅरड (भार साठवण्याचं माप) क्षमतेच्या वस्तूवर 10 किलोव्होल्ट चढले तर 1 मिलिज्यूल ऊर्जा. टोल्यूइनची वाफ पेटायला साधारण 0.24 मिलिज्यूल पुरते.

आता वाफेचं. टोल्यूइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेटण्याइतकी होऊ लागते ते तापमान, 4 अंश सेल्सिअस. हवेत 1.1 ते 7.1 टक्के वाफ असली की मिश्रण पेटतं. 20 अंशाला बंद भांड्यातली वाफ 3 टक्क्यांच्या आसपास, 30 अंशाला पावणेपाच. म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या तापमानाला कॅनच्या आतली हवा पेटणाऱ्या पट्ट्याच्या मधोमध. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ सहसा इतकी दाट असते की आत पेटतच नाही. ती सवलत टोल्यूइनला नाही.

पावसाळ्याचं अर्धंच खरं. दमट हवेत कापड, प्लॅस्टिक यांच्या पृष्ठभागावरचा भार लवकर ओसरतो. द्रवाच्या पोटातल्या भाराला हवेच्या ओलाव्याशी देणंघेणं नाही.

मेंटेनन्स_पाळी२:
करायचं असं. पत्र्याचा कॅन घ्या. गंजाची भीती असेल तर स्टेनलेसचा. तो रबराच्या मॅटवर किंवा लाकडी फळीवर ठेवू नका. ड्रम ते कॅन एक तार, ड्रम ते अर्थ पट्टी दुसरी. क्लिप टोकदार स्क्रूची हवी, रंग खरवडून उघड्या धातूत रुतणारी. मगरतोंडी क्लिप रंगावर नुसती बसते, तार लावल्याचं समाधान तेवढं मिळतं. मल्टीमीटरने कॅन ते अर्थ पट्टी 10 ओहमच्या आत यायला हवं. तपासणी ड्रमचं बूच उघडण्याआधी. साधा मल्टीमीटर वाफेत न्यायचा नाही.

क्रम महत्त्वाचा: आधी दोन्ही क्लिपा, मग बूच. काढताना आधी बूच बंद, शेवटी क्लिपा. नळी स्टॅटिक वाहून नेणारी, तिचं धातूचं टोक कॅनच्या तळाला टेकलेलं. वरून धार सोडली तर शिंतोडे उडून भार वाढतो. टोक बुडेपर्यंत वेग सेकंदाला 1 मीटरच्या आत. 25 मिलिमीटर नळीत हे मिनिटाला 29 लिटर होतं, म्हणजे 20 लिटरला निदान 40 सेकंद. मधे बारीक फिल्टर असेल तर भार अनेक पटींनी वाढतो, तेव्हा आणखी हळू.

अमेरिकेत आयोवातल्या डि मॉइनला ऑक्टोबर 2007 मध्ये इथाइल ॲसिटेट भरताना मोठी आग लागली. टाकी लोखंडीच होती, पण नळीच्या टोकाचा धातू आणि त्याला टांगलेलं लोखंडी वजन अर्थला जोडलेलं नव्हतं. तुमचं नरसाळं त्याच जातीचं.

ग्रॅव्हर_खाते:
नरसाळं आजच बंद. खोलीत छताजवळ एक्झॉस्ट पंखा आहे, तो पुरेल ना?

ठिणगी_मोजणारा:
नाही. वाफ हवेच्या तिप्पट जड, ती जमिनीलगत पसरते आणि गटारात उतरते. शोषण जमिनीपासून वीतभर उंचीवर घ्या, पंखा फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेरची वाफ पेटवू न देणाऱ्या) मोटरचा. 100 मिली सांडून पूर्ण उडालं तरी सुमारे 2 घनमीटर हवा पेटण्याजोगी होते. मोबाईल बाहेर ठेवा. वासावर भिस्त नको, नाक थोड्या वेळात सरावतं. 1948 च्या फॅक्टरी कायद्याच्या यादीत आठ तासांची मर्यादा 100 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग वाफ) होती.

रसायन_गोदाम:
कागदपत्रांचंही बघा. टोल्यूइन 'अ' वर्गाच्या पेट्रोलियममध्ये येतं, विक्रीसाठी नसलं तरी 30 लिटरच्या वर साठवायला परवाना लागतो. परवाना देणारं खातं पेसो (केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना), मुख्यालय नागपूरला.

हातमोजे: नायट्रिलमधून टोल्यूइन काही मिनिटांतच आरपार जातं. शिंतोड्यापुरते वापरा आणि लगेच बदला. हात बुडवायचे असतील तर व्हायटॉन (रसायनाला टिकणारं खास रबर). आगीला फोम किंवा ड्राय केमिकल पावडर. पाण्याची धार मारू नका, पेटतं टोल्यूइन पाण्यावर तरंगत पसरतं.

आणि रिकामा ड्रम कापायला देऊ नका. तळाशी ओंजळभर उरलं तरी गॅसकटरची ज्योत लागताच झाकण उडतं. बुचं घट्ट लावून पुरवठादाराला परत द्या.