कोलमनच्या ‘फ्री जॅझ’मध्ये पहिली दहा मिनिटं कोणी वाजवतच नाही का?

ठेका_चुकला
नमस्कार मंडळी. वीसेक वर्षं तबला वाजवतोय (घरातच, कोणी बोलावत नाही), जॅझ मात्र नवीन. काल रात्री भांडी घासताना ऑर्नेट कोलमनचा ‘फ्री जॅझ’ ऐकला. अल्बम सॅक्सोफोनवाल्याचा ना? सुरुवातीला सगळे एकदा ओरडले, आणि मग दहा मिनिटं नुसता बेस आणि ड्रम! सॅक्सोफोन मध्येच दोन फुंकरी मारून गप्प. मागे काहीतरी पुसट, शेजारच्या खोलीत भांडण चालू असावं तसं. मग साहेब एकदाचे सुरू झाले ते आणखी दहा मिनिटं थांबेचनात. मला कळत नाहीये की हे असंच आहे?

जुनी_पिन
तुमच्या इअरफोनचा उजवा कान गेलाय का? चेष्टा नाही, खरंच विचारतोय.

21 डिसेंबर 1960, न्यूयॉर्क. कोलमनने दोन चौकड्या एकाच वेळी वाजवायला बसवल्या. डाव्या कानात तो स्वतः, डॉन चेरीचा पॉकेट ट्रंपेट, स्कॉट लफारोचा बेस, बिली हिगिन्सचे ड्रम. उजव्यात एरिक डॉल्फीचा बेस क्लॅरिनेट, फ्रेडी हबर्डचा ट्रंपेट, चार्ली हेडनचा बेस, एड ब्लॅकवेलचे ड्रम. पहिली पाळी डॉल्फीची, दुसरी हबर्डची. दोघंही उजवीकडे! तुमची दहा मिनिटं तिथे गेली, आणि शेजारचं भांडणही तेच.

प्रत्येक पाळीआधी सगळे मिळून एक छोटी, बांधलेली सुरावट वाजवतात. मुखडा समजा हवं तर. पण सम शोधत बसू नका, आवर्तनच नाही. 37 मिनिटांचा एकच सलग तुकडा आहे, एलपीवर तो दोन बाजूंत तोडावा लागला.

लफारो नीट ऐका. जुलै 1961 मध्ये मोटार अपघातात गेला, पंचविशीत. रेकॉर्ड त्यानंतर बाहेर आली.

चहा_खारी
अर्ध्या कानाने एवढा त्रास, तर पूर्ण ऐकलात की सोसायटीची नोटीस येईल. मला त्यातलं जॅक्सन पोलॉकचं चित्र तेवढं आवडतं. मूळ वेष्टनाला खिडकी कापलेली होती, तिच्यातून त्याचा एक तुकडा दिसायचा. बाकी माफ करा.

ठेका_चुकला
पिनराव, दंडवत. उजवा कान खरंच मेलाय. परवा शर्टाच्या खिशात राहून मशीनमध्ये धुऊन निघाला होता.

मुलीचा हेडफोन मागून घेतला. डॉल्फी असा अंगावर आला की हातातली कढई सुटली. माझं लक्ष अर्थात ड्रमकडे. हिगिन्सची झांज हलकी, सारखी पळती. ब्लॅकवेल जास्त कातड्यावर, बोल काढल्यासारखा. दोन तबलजी समोरासमोर बसवले तर पाचव्या मिनिटाला कोण वरचढ यावर येतात (मी आलोय). इथे तसं काही होत नाही, दोघं एकमेकांना जागा देत राहतात. हे कसं जमवलं असेल?

आता मुलगी हेडफोन परत मागतेय आणि लफारो अजून व्हायचाय.