सोसायटीच्या हॉलमध्ये सूफी कव्वाली: क्रम कसा लावावा?

कोलशेतकर:
ठाण्यात आमच्या हॉलमध्ये ६०-७० जणांसाठी बैठक ठरतेय. ऐकणारे बहुतेक भजनी मंडळातले. विषय निरपेक्ष प्रेम. क्रम काय ठेवावा? फारसी शब्दांमुळे लोकांना परकं वाटू नये, यासाठी काय करता येईल?

सतरंजी:
रूपाच्या अभंगाआधी गौळण कोणी घेत नाही, इथेही तसंच. आधी हम्द म्हणजे ईश्वरस्तुती, मग नात म्हणजे पैगंबरांची स्तुती, मग मनकबत, म्हणजे पैगंबरांचे जावई हजरत अली आणि सूफी संतांची. त्यानंतर प्रेमाच्या गझला, ब्रज पदं. शेवट ‘रंग’ या रचनेने, ती कवी अमीर खुसरोंची (१२५३-१३२५) मानतात. पहिल्या अर्ध्या तासात सिनेमातली कव्वाली मागू देऊ नका. एकदा ती झाली की संथ कलामाला, म्हणजे संथ रचनेला, कोणी थांबत नाही.

खुर्च्या फक्त गुडघेदुखीवाल्यांना, तीही मागे. पाहुण्यांसाठी सोफा मांडलात की परकेपणा तिथूनच सुरू! फरशीवर आवाज घुमतो, म्हणून सतरंज्या भरपूर आणि पडदे ओढलेले. टाळ्यांना माइक नको, शब्द बुडतात.

नौपाडा_ताई:
दादांचं बरोबर आहे, एक भर घालते. कोणाला हाल आला, म्हणजे भान हरपलं, तर कव्वाल ती ओळ सोडत नाहीत. माणूस शांत होईपर्यंत तीच घोळवतात. तो उभा राहिला तर बाकीचेही उठतात. सूत्रसंचालकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो ‘पुढचं घ्या’ म्हणेल. सूफी संत कुतुबुद्दीन बख्तियार काकींचं १२३५ मध्ये दिल्लीत निधन झालं, ते समाअमध्ये, म्हणजे सूफी गायनाच्या बैठकीत, फारसी कवी अहमद जामच्या एका शेरावर हाल येऊन, असं परंपरा सांगते. समर्पणाच्या खंजिराने मेलेल्यांना क्षणोक्षणी नवा जीव मिळतो, असा त्या शेराचा अर्थ.

अर्थ पडद्यावर दाखवू नका, माना वर राहतात. प्रत्येक कलामाआधी दोन वाक्यं मराठीत पुरेत. विषयासाठी बसऱ्याच्या सूफी संत राबियाची गोष्ट घ्या (आठवं शतक): एका हातात आग, दुसऱ्यात पाणी, स्वर्ग जाळायचा, नरक विझवायचा, म्हणजे भक्तीत लोभ नको आणि भीतीही नको. मंडळाला हे लगेच कळेल, नामदेव-तुकोबा तोंडपाठ आहेत त्यांना.

कोलशेतकर:
आभार ताई. नोटा उधळणं कसं थांबवायचं?

सतरंजी:
मानधन आधीच ठरवून द्या. नजराणा द्यायचाच असेल तर बैठकीतल्या ज्येष्ठाच्या हाती द्यावा, त्यांनी तो कव्वालांपुढे ठेवावा. हे सुरुवातीलाच जाहीर करा. मध्येच टोकलं तर माणूस दुखावतो.