सिंक मोडमध्ये शॉक उशिरा का बसतो?

खानापूरकर: हृदयाला शॉक देणारं बायफेजिक (करंट दोन्ही दिशांनी सोडणारं) मशीन आहे. एट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाचे वरचे कप्पे थरथरतात, ठोके अनियमित पडतात) पेशंटला सिंक (शॉक ठोक्याशी जुळवणारा मोड) लावून बटण दाबलं की शॉक लगेच बसत नाही, कधी बसतच नाही. मशीन दुरुस्तीला बेळगावला पाठवायचं का?

निपाणी_आयसीयू: पाठवू नका हो, एवढ्यात तरी. मशीन ईसीजीतल्या पुढच्या आर लाटेची (ठोक्याचं टोकदार शिखर) वाट बघतं, म्हणून शॉक बसेपर्यंत बटण दाबूनच धरायचं. शॉक टी लाटेवर (आरनंतर येणारी लाट) पडला तर व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (खालचे कप्पे थरथरतात, नाडी जाते) होऊ शकतं, त्यासाठीच ही कसरत. आधी स्क्रीन बघा: प्रत्येक आरवर खूण येते का? नसेल तर लीड (ईसीजी बघण्याची दिशा) बदला, गेन (लाटांची स्क्रीनवरची उंची) वाढवा. टी उंच असली की खूण कधी तिच्यावरही बसते.

सीमाभागातला: बऱ्याच मशिनींत शॉकनंतर सिंक आपोआप सुटतं. दुसऱ्या शॉकआधी परत लावा, ही चूक फार होते. एट्रियल फिब्रिलेशनला सरळ २०० ज्यूल. एट्रियल फ्लटरला (वरचे कप्पे वेगाने पण एका लयीत चालतात) १०० सहसा पुरतात. नाडीच लागत नसेल तर मात्र सिंक बंद! आर सापडणार नाही नि मशीन गप्प बसेल.

निपाणी_आयसीयू: आणि ठोके बिघडून ४८ तास उलटले असतील, पण बीपी ठीक असेल, तर घाई नको. आधी तीन आठवडे रक्त पातळ करणारी गोळी, किंवा अन्ननलिकेतून इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदयात गुठळी नाही याची खात्री. शॉकनंतरही गोळी किमान चार आठवडे.