गच्चीवरचं बार्बेक्यू: चिकन का फसलं?

निनाद, बी-४०२: मंडळी, शनिवारच्या चिकनबद्दल आधी माफी. बाहेरून कोळसा, आतून गुलाबी. शेवटी ते आमच्या कुकरमध्ये तीन शिट्ट्यांवर सुटलं. येत्या रविवारी परत करायचंय. काय चुकलं ते आत्ताच सांगा, जेवताना नको 🙏

स्मिता, ए-१०१: पनीर बरं होतं. म्हणजे जाळीला चिकटून जेवढं उरलं तेवढं.

देशपांडे काका, सी-२०३: मसाला पाकिटातला होता का?

निनाद: नाही काका, आईने वाटलेला.

वर्षाताई, सी-५०१: मसाल्याला बोल लावू नका. मी वर आले तेव्हा शेगडीतून हातभर ज्वाळा निघत होत्या आणि हा पठ्ठ्या त्यावर लेग पीस मांडत होता. लग्नांत तंदूरचं काउंटर मी बारा वर्षं सांभाळलंय, म्हणून सांगते. कोळसा पेटला की वीस-पंचवीस मिनिटं हात बांधून बसायचं. काळा रंग जाऊन वर पांढुरकी राख धरली, आतून लाल दिसायला लागला, की तो निखारा. हुरड्याला गोवऱ्या फुलेपर्यंत थांबतो ना आपण? तसंच.

निनाद: सगळे ताटल्या घेऊन उभे होते हो ताई.

वर्षाताई: त्यांच्या हातात शेंगदाणे दे. आणि पेटवायला अमोलने ते रंगकामाचं थिनर ओतलं होतं, ते परत दिसलं तर मी येणार नाही. विषारी धूर, वर भडका. नारळाची शेंडी, करवंटीचे तुकडे, दोन कापूर. बास.

अमोल, बी-१०४: 🙈 हेअर ड्रायर चालेल का?

वर्षाताई: पुठ्ठ्याने वारा घाल, राख अन्नावर उडणार नाही एवढ्या बेताने.

आता मुख्य. निनाद, तू कोळसा शेगडीभर सारखा पसरला होतास, म्हणजे तंगडीला पळायला जागाच नाही. सगळे निखारे एका अंगाला लोट, दुसरी बाजू मोकळी ठेव. निखाऱ्यावर दोन्हीकडून डाग पाडून घे, मग पीस मोकळ्या बाजूला सरकव आणि वर मोठं पातेलं पालथं घाल. आत शिजतं ते तिथे. तेल ठिबकून भडका उडाला तरी पाणी मारायचं नाही, पीसच बाजूला घ्यायचा. आच बघायला जाळीच्या वर वीतभर हात धर. दोन-तीन अंक मोजेपर्यंत मागे घ्यावा लागला तर कडक, सहा-सात मोजता आले तर मध्यम. हाडाच्या पिसाला हाडापर्यंत चिरा दे.

निनाद: मी रात्रभर कच्ची पपई लावून ठेवली होती. आणि मध.

वर्षाताई: अरे देवा. म्हणून वरचा थर पिठासारखा लागत होता. पपई किलोला एखादा मोठा चमचा, तास-दोन तास पुरे. मध शेवटच्या दोन मिनिटांत ब्रशने, साखर सगळ्यात आधी करपते. दही फडक्यात टांगून चक्का कर, नाहीतर पाणी गळून मसाला निखाऱ्यावर जातो. भाजलेलं बेसन दोन चमचे घातलंस तर लेप धरून राहतो.

प्रिया, ए-६०१: मी किचनचा थर्मामीटर आणते. सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसायचा. ७४ अंश सेल्सिअस झाले की चिकन झालं.

देशपांडे काका: आमच्या वेळी रंग बघून कळायचं.

प्रिया: काका, शनिवारी रंग बघूनच तुम्ही "झालंय, वाढा" म्हणाला होतात 😄

स्मिता: आणि पनीर?

वर्षाताई: पनीर काही वितळत नाही, जाळी गार असते म्हणून चिकटतं. जाळी आधी चांगली तापव, अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडव आणि फिरव. तुकडे जाड काप, पुसून कोरडे कर. ठेवलं की हलवायचं नाही. तळ भाजला की आपणहून सुटतं. तू दर मिनिटाला उलटत होतीस. बांबूच्या काड्या अर्धा तास भिजवा.

शहा काकी, ए-३०२: आमच्यासाठी जाळी वेगळी हवी हं. चिमटा पण.

वर्षाताई: काकी, शेगडीच वेगळी ठेवू. कणसं, भरताची वांगी तुमच्याकडे. आणि निनाद, कच्चं चिकन ज्या परातीत होतं त्यातच भाजलेलं परत काढत होतास. ते बंद.

सेक्रेटरी, सी-१०२: विषय निघालाच आहे तर सांगतो. रात्री विझलेले समजून कोळसे प्लास्टिकच्या डब्यात ओतले होते. सकाळी डब्याला तळ नव्हता. वॉटरप्रूफिंगवरही डाग पडलाय. यापुढे शेगडी विटांवर, निखारे लोखंडी घमेल्यात, पाणी ओतून, हाताने चाचपून खात्री केल्याशिवाय कोणी खाली जायचं नाही. उरलेली शेगडी "हात शेकायला" घरातही न्यायची नाही, बंद खोलीत कोळशाच्या वायूने जीव जातो.

निनाद: मान्य. घमेलं कोणाकडे आहे?

देशपांडे काका: माझ्याकडे आहे. कुंड्यांच्या मातीचं आहे, धुऊन परत द्या.