मदत हवी आहे : इंडोनेशियातले 'भांडणाचे' घटस्फोट

मंडळी, एमएच्या प्रबंधासाठी इंडोनेशियातल्या धार्मिक न्यायालयांचे निकाल वाचतेय (गूगल ट्रान्सलेटच्या कृपेने!). तिथे घटस्फोटाच्या चार दाव्यांतले जवळपास तीन बायकांचे असतात. नवऱ्याने अर्ज केला तर 'चराई तलाक', बायकोने दावा लावला तर 'चराई गुगात'.

गंमत म्हणजे निकाहनंतर नवरा जे 'तालिक तलाक' (अटींवरच्या तलाकाचं वचन) वाचतो, ते लग्नाच्या पुस्तिकेतच छापलेलं असतं: सलग 2 वर्षं सोडून गेलो, 3 महिने खर्च दिला नाही, मारहाण केली किंवा 6 महिने ढुंकून पाहिलं नाही, तर बायको कोर्टात जाऊ शकते. (आपल्याकडच्या 1939च्या मुस्लिम विवाह-विच्छेद कायद्यात खर्च न देण्याची ही मुदत 2 वर्षं आहे.)

अडलंय इथे: इतकी स्पष्ट कारणं हाताशी असताना बहुतेक निकालांत एकच कारण दिसतं, 'सततची भांडणं'. आत वाचलं की नवरा घरात पैसे देत नाही, मारतो, नाहीतर दुसरीकडे राहतो. मग दावा भांडणाचाच का? सिद्ध करायला सोपा म्हणून, की अब्रू झाकायला?

जाकार्ता-सुराबायाकडे कुणी राहतं का? भाषा येणारं कुणी दोन-तीन परिच्छेद तपासून देईल का? इथल्या वकील मंडळींचा अनुभवही सांगा.